व्यक्तिगत ओळख नाही

शेख करीम आणि काकासाहेब नरवडे यांची दोस्ती बघून माणसं म्हणायची, हे दोघं एका ताटात जेवून एका उशीवर झोपणारे. त्यात फारसं खोटं नव्हतं. करीम बुढी लेनमधला, काकासाहेब पैठणकडच्या एका पाटील घराण्यातला. औरंगाबादच्या गव्हर्नमेंट कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये दोघांना एकच टेबल मिळालं आणि तिथं जे गूळपीठ जमलं, ते पुढं पंचवीसेक वर्षं टिकलं.

दोघांना खरं जोडलं ते वायरलेसनं. करीमचे आब्बा, इब्राहीम, निजामाच्या राजवटीत चिकलठाण्याच्या विमानतळावर वायरलेस ऑपरेटर होते. पोलीस ॲक्शन झालं तेव्हा वायरलेसवर बसणारा तो रझाकारांचा माणूस, असा सरळ हिशेब करून त्यांना हर्सूलच्या जेलात नेलं. करीम तेव्हा मांडीवरचं पोर. बऱ्याच महिन्यांनी आब्बांना सोडलं. आरोप नाही, खटला नाही, आणि चुकलो असं म्हणणारंही कोणी नाही. नोकरी मात्र गेली ती गेलीच. मग शहागंजात एका कोपऱ्यात बसून ते घड्याळं दुरुस्त करू लागले. पण बोटांतलं वायरलेस काही गेलं नव्हतं. काकासाहेब घरी आला की ते पानाच्या डब्यावर बोटानं मोर्सची अक्षरं वाजवायचे आणि दोघा पोरांना ओळखायला लावायचे. काकासाहेब चुकला की हसून म्हणायचे, "पाटील, कान शेतात ठेवून आलात काय?"

आब्बांच्या त्या शिकवणीवर दोघांनी हौशी रेडिओचं लायसन काढायचं ठरवलं. लायसन असलं की घरात सेट लावून जगभराशी बोलता येतं. दोघांनाही त्याचं वेड लागलं होतं. परीक्षा एकदमच दिली, दोघंही पास झाले. त्यात मोर्सला करीमचे मार्क जास्त. काकासाहेबाचं लायसन वर्षभरात घरी आलं, सोबत रेडिओवर आपली ओळख सांगायची अक्षरं, म्हणजे कॉलसाइनही. करीमचं मात्र 'पोलीस चौकशी बाकी' या एका शेऱ्यावर अडकलं ते अडकलंच. चौकशीला येणारा जमादार दरवेळी बदलायचा, प्रश्न तोच असायचा. "वडील हर्सूलला कशासाठी होते?" आब्बा दाराआड बसून ऐकायचे. मरण्याच्या आधी ते एकदाच बोलले, "माझा तुरुंग तुला भोगावा लागतोय, बेटा."

देशभरातल्या हौशी रेडिओवाल्यांची एक सोसायटी होती. मासिक काढणं, रेडिओवर बोलणं झाल्याची पोच म्हणून परदेशांतून आलेली कार्डं वाटणं, पूर-वादळात सेट घेऊन धावणं आणि सरकारदरबारी सभासदांची बाजू मांडणं, हे तिचं काम. लायसन नसलेल्यांनाही श्रोता सभासद होता यायचं. करीम झाला. त्याला वाटलं, आपल्यासारख्याची बाजू मांडायलाच तर सोसायटी असते. त्यात काकासाहेब लवकरच मराठवाड्याचा प्रतिनिधी झाला, म्हटल्यावर घरचाच माणूस वर बसला. "पुढच्या बैठकीत तुझा विषय काढतोच," काकासाहेब म्हणायचा. पुढची बैठक यायची, जायची.

करीम एका हायस्कुलात सायन्सचा मास्तर झाला. काकासाहेबानं चिकलठाण्यात कारखाना टाकला, जालना रोडला बंगला बांधला. बंगल्याच्या गच्चीवर दर रविवारी करीम मोर्सचा वर्ग घ्यायचा. फी नाही, काही नाही. त्याच्या हाताखाली शिकून कितीतरी जणांना लायसनं मिळाली. त्यातलाच एक कडूबा, हर्सूलच्या शेतकऱ्याचा मुलगा, पुढं कारखान्यात सुपरवायझर. ही सगळी मंडळी रोज सकाळी एका ठरल्या जागी रेडिओवर जमून एकमेकांची खुशाली घ्यायची. करीम घरी रिसीव्हरला कान लावून ऐकायचा. बोलायची परवानगी नव्हती.

त्याची बायको हसीना कधी कधी फणकारायची, "दुसऱ्याच्या लग्नात किती दिवस खिडकीतून बघणार जी तुम्ही?"

करीम हसून सोडून द्यायचा.

मग त्र्याण्णवचा सप्टेंबर आला. गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे किल्लारीकडं भुईनं दगा दिला. सकाळी शाळेत निघालेल्या करीमला काकासाहेबाचा फोन आला. "टेलिफोन बंद पडलेत तिकडं. गावंच्या गावं बसलीत म्हणत्यात. दोन सेट, बॅटऱ्या घेतल्यात. मला एकट्याला जमायचं नाय. येतो का?"

"हे काय विचारणं झालं?" करीम म्हणाला.

हसीनानं भाकरी-चटणी बांधून दिली. देताना एवढंच म्हणाली, "यंदाचं साल बरं नाही. जपून बोला." मुंबईत मार्चात बॉम्ब फुटले होते. तेव्हापासून आपलं नाव सांगताना करीमलाही घसा खाकरावा लागायचा.

बन्सी नावाचा काकासाहेबाचा ड्रायव्हर जीप हाकत होता. बीड, अंबाजोगाई करत लातूरला पोचले तर कलेक्टर कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. तिथं एक सेट हवाच होता, आणि दुसरा गावाकडं हवा होता. काकासाहेबानं उभ्या उभ्या ठरवलं.

"मी हितं बसतो. तू बन्सीला घेऊन पुढं जा."

"अन् कॉलसाइन?"

"माझाच लाव. कोण विचारतंय आता? फक्त," काकासाहेबानं आवाज खाली घेतला, "नाव सांगू नको. दिवस कसे हायेत तुला माहीत हाय."

करीमला ते लागलं. पण ज्या कामाला आलो ते मोठं, असं म्हणून त्यानं गिळलं.

सास्तूरच्या अलीकडं एका शाळेची एकच खोली उभी होती. अंगणातल्या लिंबाच्या झाडाला तार बांधून करीमनं सेट लावला. वरून पाऊस, खाली चिखल, आणि वाऱ्याबरोबर असा वास की भाकरीचा घास वर जाईना. आवाज नीट पोचत नव्हता म्हणून तो मोर्सवर आला. पलीकडं औरंगाबादच्या गच्चीवर कडूबा बसला होता. त्यानं पहिल्या दोन शब्दांत हात ओळखला आणि एवढंच वाजवलं, "सर, सांगा."

आणि करीम सांगत गेला. रक्त कुठल्या गटाचं पाहिजे, ताडपत्री किती, हाडाचे डॉक्टर कुठं उतरवायचे. त्यामागून माणसांचे निरोप. पुण्यात, मुंबईत, सुरतेत पोटाला गेलेल्या पोरांना कळवायचं होतं की कोण राहिलं आणि कोण गेलं. दाराबाहेर माणसांची रांग लागली. आयुष्यभर ज्या बोटांना बोलायची मनाई होती, ती बोटं आता थांबत नव्हती. असं म्हणू नये, पण त्या मढ्यांच्या गावात करीमला पहिल्यांदा वाटलं की आपण पुरे झालो.

तिसऱ्या दिवशी दुपारी रांगेत सरूबाई आली. साठीची बाई, डोक्याला पट्टी, लुगडं चिखलानं ताठ झालेलं. घरातली सून आणि दोन नातवंडं गेली होती. मुलगा पुण्यात बेकरीत कामाला.

"काय सांगू त्याला, आजी?"

"सांग, बाकी कुनी ऱ्हायलं नाय. पर म्या जिती हाय. जिवाला काय करून घिऊ नको म्हनावं, माय वाट बघतीय."

करीमनं लिहून घेतलं. बेकरीचा पत्ता तिला येत होता तेवढा घेतला. वाजवायला हात नेला, तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

आप्पासाहेब आले होते. सोसायटीचे सहचिटणीस, पुण्याचे. बरोबर दोन माणसं, त्यांच्या खांद्याला कॅमेरा, हातात सोसायटीच्या नावाचा कापडी फलक. आप्पासाहेब स्वच्छ, सभ्य माणूस. आधी पाय पुसले, मग आत आले.

"नरवडे कुठं आहेत? दोन दिवस ऐकतोय मी. त्यांचा कॉलसाइन आहे, पण हात त्यांचा नाही. इतका सुंदर मोर्स नरवड्यांनी जन्मात वाजवला नाही."

"ते लातूरला कलेक्टरांकडं आहेत. मी त्यांच्या वतीनं बसलोय."

"आपण?"

करीमनं घसा खाकरला. मग म्हणाला, "शेख करीम. औरंगाबाद."

"शेख करीम," आप्पासाहेबांनी नाव घोळवलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळख उमटली. "अहो, तुमचं प्रकरण माझ्याच टेबलावर आलं होतं! शहात्तर साली. सरकारनं सोसायटीला विचारलं होतं, हा माणूस तुमच्या ओळखीचा आहे का, चांगला आहे का. आम्ही हो म्हटलं असतं तर काम झालं असतं तुमचं, बहुतेक."

"मग?"

"आमची पद्धत अशी की त्या भागातल्या प्रतिनिधीला विचारायचं. नरवड्यांनी कळवलं, व्यक्तिगत ओळख नाही. मग आम्ही तरी काय लिहिणार?"

आप्पासाहेब हे अगदी सहज बोलले. ट्रेन चुकली असं सांगावं तसं. करीमला वाटलं की ऐकण्यात चूक झाली. मोर्समध्ये होते तशी, एक टिंब इकडचं तिकडं.

"म्हणजे तुमच्याकडं लायसन अजून नाही?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग तुम्हाला उठावं लागेल."

"साहेब, बाहेर माणसं उभी आहेत."

"दिसतायत मला. पण उद्या कोणी बोट दाखवलं की सोसायटीच्या प्रतिनिधीचा सेट विनापरवाना माणूस चालवत होता, तर देशातल्या सगळ्या हौशी लोकांची परवानगी धोक्यात येईल. सोसायटी ही सगळ्यांची आहे. एकट्याची नाही."

"मग तुम्ही बसा. तुमच्याकडं लायसन आहे."

आप्पासाहेब थोडे ओशाळले. "माझा मोर्स सुटून वर्षं झाली. संध्याकाळपर्यंत कोणाला तरी पाठवतो."

"एवढा एकच निरोप जाऊ द्या. म्हातारी थांबलीये."

"एक गेला काय अन् शंभर गेले काय, नियम तोच." त्यांनी स्वतः हात पुढं करून सेटचं बटण बंद केलं. मग त्यांच्या माणसांनी खोलीच्या दारावर फलक बांधला आणि फोटो काढला. फोटोत येऊ नये म्हणून करीमला बाजूला व्हायला सांगितलं.

सरूबाईला काही कळलं नाही. ती करीमला म्हणाली, "गेला का रं बाबा माझा निरोप?"

"लातूरहून धाडतो, आजी, अन् परत येतो," म्हणत करीमनं उरलेले सगळे निरोप गोळा केले आणि बन्सीला म्हणाला, "काढ गाडी."

लातूरचा रस्ता बघ्यांच्या गाड्यांनी तुंबला होता. मुंगीच्या पावलानं जीप चालली होती आणि करीमच्या डोक्यात ते तीनच शब्द फिरत होते. शहात्तर साल. त्या साली ईदला काकासाहेब घरी जेवला होता. त्याच साली आब्बा आजारी पडले तेव्हा दवाखान्यात रात्रभर हाच बसला होता. मग कधी लिहिलं असेल? जेवायच्या आधी की नंतर?

काकासाहेब कचेरीच्या व्हरांड्यात सेटसमोर बसला होता. मंत्र्यांच्या दौऱ्याचा निरोप चालला होता. करीमनं कागद त्याच्यासमोर ठेवले. "हे आधी पाठव. अन् मग मला एक सांग. शहात्तर साली सोसायटीनं तुला माझ्याबद्दल विचारलं व्हतं का?"

काकासाहेबानं कानावरचा हेडफोन काढला. "कोण म्हणलं?"

"विचारलं व्हतं का नाय?"

"करीम, हितं नको."

"हितंच."

काकासाहेबानं इकडं तिकडं बघितलं. मग दबक्या आवाजात म्हणाला, "आणीबाणी व्हती तवा. आमच्या थोरल्याला उचलून नेलं व्हतं. घरावर पोलिसांचा डोळा. त्यात हर्सूलात राहिलेल्या माणसाच्या पोराची हमी मी लिहून द्यायची? माझं लायसन गेलं असतं."

"हमी कोण मागत व्हतं? ओळख विचारली व्हती."

"पुढं निस्तरता येईल असं वाटलं मला. मग राहून गेलं. एका ओळीचं काय एवढं…"

"माझ्या बापानं तुला मोर्स शिकवलं, काका."

तेवढ्यात आतून कारकून धावत आला. "साहेब, मंत्र्यांचं हेलिकॉप्टर कुठं उतरणार, ते आलं का?" आणि काकासाहेबानं सुटका झाल्यासारखा हेडफोन परत कानाला लावला.

करीम त्या दिवशी घरी परत जाऊ शकला असता. गेला नाही. म्हातारीला शब्द दिला होता म्हणून तो पुन्हा गावात गेला आणि पाण्याचे हंडे वाहत, ताडपत्र्या बांधत राहिला. सेट खोलीत बंद पडून होता. दुसरा माणूस आला तो दुसऱ्या दिवशी कलत्या उन्हात. आणि लातूरला दिलेले निरोप मंत्री, सचिव, पाहणी पथकं यांच्या पाठीमागून कधी गेले, कोणी सांगू शकलं नाही.

सरूबाईचा मुलगा आला तो डोकं भादरून. पेपरात गावाचं नाव वाचून, कोणाचीच खबर नाही म्हटल्यावर त्यानं पुण्यात नदीवर जाऊन सगळ्यांच्या नावानं पाणी सोडलं होतं. आईला जिवंत बघून तो जागच्या जागी खाली बसला. म्हातारीनं त्याच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि एकदम त्याच्या पाठीत गुद्दे घालायला लागली. "म्या जिती हाय की रं मेल्या! निरोप धाडला व्हता म्या! म्या जिती हाय!"

करीमला तिथं उभं राहवेना. लिंबाच्या झाडाची तार न काढताच तो निघाला.

दिवाळीनंतर काकासाहेब बुढी लेनमध्ये आला. हसीनानं चहा ठेवला. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर त्यानं खिशातून घडी केलेला टाइप केलेला कागद काढला.

"आप्पासाहेबानं सोसायटीत विषय काढलाय. आता काय तरी लिहून द्यावं लागतंय. माझ्या गैरहजेरीत, मला न विचारता तू सेट वापरला, एवढंच हाय ह्याच्यात. तुला काय फरक पडतो? तुझ्याकडं जायला लायसनच नाय. माझं गेलं तर रविवारचा वर्ग बंद पडंल. तुझ्याच पोरांचं नुकसान."

करीमनं कागद हातात घेतलाच नाही. "मीच लिहितो काय ते," म्हणाला.

आणि त्यानं लिहिलं. की नरवडे यांच्या सांगण्यावरून, त्यांच्याच कॉलसाइनवर मी सेट चालवला. त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. सेट बंद केल्याबद्दल कोणाला असेल तर सोसायटीनं त्याची नोंद घ्यावी.

बैठक पुण्यात झाली. औरंगाबादहून दहा-बारा जण गेले, सगळे करीमच्या वर्गातले. काकासाहेबानं उभं राहून सांगितलं की आपण असं काही सांगितलं नव्हतं. अध्यक्षांनी विचारलं, औरंगाबादच्या सभासदांपैकी कोणाला काही बोलायचंय का? कडूबानं टेबलाकडं बघितलं. त्याच्या लायसनच्या नूतनीकरणाचे कागद त्याच महिन्यात सोसायटीच्या हातून जायचे होते. इतरांचंही काही ना काही होतंच. कोणी बोललं नाही. करीमचं श्रोता सभासदत्व रद्द झालं, काकासाहेबाला समज देण्यात आली, आणि पुढच्याच ठरावात किल्लारीतल्या सेवेबद्दल त्याला सोसायटीचं मानपत्र मिळालं. हे सगळं करीमला मासिकातून कळलं. तेवढा अंक त्याच्या नावावर अजून येत होता.

हसीनाला वाटलं होतं, तो चिडेल, आदळआपट करेल. त्यानं मासिक वाचलं, रद्दीत ठेवलं आणि वह्या तपासायला बसला. रात्री तीच रडली.

त्या वर्षीची रमजान ईद उन्हाळा लागता लागता आली. दुपारी दारात काकासाहेबाची गाडी थांबली. दरवर्षीसारखा तो आला होता, हातात मिठाईचा पुडा. हसीना स्वयंपाकघरातून बाहेर येईना. करीमला वाटलं, दारातूनच परत पाठवावं. पण ईदला घरी आलेल्या माणसाला उपाशी पाठवायचं नाही, हे आब्बांनी रक्तात घातलं होतं. त्यानं स्वतः आत जाऊन शीरखुर्म्याची वाटी आणली. काकासाहेबानं वाटी संपवली. उठताना त्यानं करीमच्या खांद्यावर हात ठेवला.

"मनात ठेवू नको. आता मी कार्यकारिणीवर हाय. पुढच्या बैठकीत तुझा विषय काढतो बघ."

करीमनं त्याला गाडीपर्यंत पोचवलं. त्याच्या आईची तब्येत विचारली. गाडी वळेपर्यंत उभाही राहिला. मग घरात येऊन मोरीत गेला आणि चेहऱ्यावर पाणी मारत राहिला, मारत राहिला. हसीना दाराशी आली तर म्हणाला, "बघितलंस? शिवी द्यायची होती मला. तब्येत विचारून आलो."

त्या आठवड्यात त्यानं रिसीव्हर जुन्या बाजारात विकला. विकत घेणाऱ्यानं आत काय बिघाड आहे विचारलं. काही नाही, म्हणाला.

रविवारचा वर्ग पुढं कडूबा घेऊ लागला. बरा घेतो, असं करीमच्या कानावर आलं. एकदा गुलमंडीवर भाजी घेताना तो समोरच आला. आधी वळून जावं की काय असा घोटाळला, मग येऊन वाकून नमस्कार केला.

"सर, बरं हाय ना? हल्ली बँडवर ऐकता का आम्हाला?"

"नाही रे," करीम पिशवीत मेथीची जुडी ठेवत म्हणाला, "कान गेले माझे."

"अरेरे. डॉक्टरला दाखवलं का, सर?"

"दाखवलं," करीम म्हणाला आणि भाजीवाल्या बाईला हलक्या आवाजात विचारू लागला, वांगी कशी दिली.